जॉन रेगन: फुटीर खासदार, कॉन्फेडरसीचा पोस्टमास्तर जनरल आणि मग परत वॉशिंग्टनला? हा माणूस समजून कसा घ्यायचा?

तिकीटवेडा:

नमस्कार मंडळी. मी टपाल तिकिटं जमवतो आणि सध्या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातली अल्बमची पानं लावतोय. त्यात फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचं, म्हणजे कॉन्फेडरसीचं पहिलं तिकीट येतं, ५ सेंटचं, हिरवं, वर जेफर्सन डेव्हिसचा चेहरा, ऑक्टोबर १८६१ चं, त्यांच्या राजधानीत रिचमंडला होयर अँड लुडविग यांच्याकडे शिळाछापावर छापलेलं. अमेरिकेत तोपर्यंत हयात माणसाचा चेहरा तिकिटावर घ्यायची पद्धत नव्हती, यांनी थेट आपल्या गादीवरच्या राष्ट्राध्यक्षाचाच घेतला.

माझी सवय अशी की प्रत्येक पानावर तिकिटामागच्या माणसाबद्दल चार ओळी लिहायच्या. इथे तो माणूस म्हणजे टपालखात्याचा मंत्री, टेक्सासचा जॉन हेनिंजर रेगन (रोनाल्ड नव्हे, हा त्याच्या कितीतरी आधीचा). आणि चार ओळी काही लिहून होत नाहीयेत. कारण वाचावं तसा माणूस बदलत जातो. १८६१ च्या जानेवारीत हा अमेरिकेच्या काँग्रेसचा राजीनामा देऊन देश फोडणाऱ्यांत सामील होतो, मार्चमध्ये तिकडे मंत्री होतो, चार वर्षांनी डेव्हिसबरोबर पकडला जातो, तुरुंगात जातो, तिथून आपल्याच लोकांना पत्र लिहितो की गुलामगिरी संपली हे मान्य करा, त्यावर आपलेच लोक त्याला शिव्या घालतात, आणि १८७५ ला हाच माणूस पुन्हा वॉशिंग्टनमध्ये खासदार! तिथे रेल्वेचा कायदा वगैरे करतो. एका लेखात थोर प्रशासक, दुसऱ्यात त्याचा पुतळा काढल्याची बातमी. मला खरंच समजून घ्यायचंय, कुणी नीट वाचलं असेल तर सांगा प्लीज.

—

अनुजा_वाचते:

तिकीटवेडा दादा, चांगला विषय काढलात, माझा या काळावर बराच जीव आहे म्हणून सुरुवातीपासून सांगते, लांबेल.

जन्म ८ ऑक्टोबर १८१८, टेनेसीतली सेव्हियर काउंटी, डोंगराळ भाग, वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा. म्हणजे कापसाच्या मोठ्या मळ्यावर वाढलेला जमीनदाराचा मुलगा नव्हे हा, शिक्षणही तुकड्यातुकड्याने झालेलं, काम करून पैसे साठवायचे, ते संपेपर्यंत शिकायचं, परत काम. १८३९ ला टेक्सासला आला तेव्हा वय विशीचं. आणि टेक्सास तेव्हा अमेरिकेत नव्हतं, १८३६ ला मेक्सिकोपासून सुटून स्वतंत्र प्रजासत्ताक झालेलं होतं. हे मुद्दाम सांगते कारण 'एका देशातून बाहेर पडून दुसरा देश करणं' ही गोष्ट त्याच्या आजूबाजूच्या लोकांनी नुकतीच एकदा करून बघितली होती, त्यांना ती अशक्य किंवा भयंकर वाटायचं कारण नव्हतं.

आल्या आल्या तो चेरोकींना टेक्सासमधून हाकलायच्या मोहिमेत गेला, जुलै १८३९, नेचेस नदीजवळची लढाई. त्यात चेरोकींचा प्रमुख बोल्स, ऐंशी ओलांडलेला म्हातारा, जखमी होऊन जमिनीवर बसलेला असताना गोळी घालून मारला गेला. रेगनने म्हातारपणी लिहून ठेवलंय की मी ओरडून कॅप्टनला थांबवायला गेलो पण उशीर झाला. मला हा प्रसंग विसरता येत नाही. माणूस वाईट मोहिमेत आहे, मोहिमेवर त्याला शंका नाही, पण समोरच्या एका म्हाताऱ्याची त्याला दया येते. पुढे आयुष्यभर त्याचं हे असंच चालतं.

मग सरकारी जमिनींचा मोजणीदार, मग शेती, मग वकिलीची सनद, काउंटीचा न्यायाधीश, राज्याच्या विधिमंडळात, जिल्हा न्यायाधीश आणि १८५७ ला काँग्रेसमध्ये. तिथे तो सुरुवातीला जहाल गटातला नव्हता. आफ्रिकेतून गुलाम आणायचा व्यापार परत सुरू करा म्हणणारे काही लोक दक्षिणेत होते, त्यांना त्याचा विरोध होता. पण नोव्हेंबर १८६० ला लिंकन निवडून आला आणि दोनेक महिन्यांत याचं सगळं ठरलं. १५ जानेवारी १८६१ ला काँग्रेसमध्ये शेवटचं भाषण केलं आणि घरी आला. १ फेब्रुवारीला ऑस्टिनच्या अधिवेशनात फुटायचा ठराव १६६ विरुद्ध ८ मतांनी झाला. मग जनमत घेतलं त्यात साधारण ४६ हजार बाजूने आणि १५ हजारांच्या आसपास विरोधात. गव्हर्नर सॅम ह्यूस्टन, ज्याने टेक्सासला मेक्सिकोपासून सोडवलं तोच, त्याने कॉन्फेडरसीची शपथ घ्यायला नकार दिला तर त्याला खुर्चीवरून काढलं. म्हणजे दुसरा रस्ता होता. टेक्सासमधला सगळ्यात मोठा माणूस त्या रस्त्यावर उभा होता, रेगन तिकडे गेला नाही.

मंत्रिपदाचं म्हणाल तर त्याला ते नकोच होतं. डेव्हिसने विचारलं तेव्हा त्याने दोनदा नाही म्हटलं, कारण टपाल बिघडलं की शिव्या खायच्या एवढंच त्या खात्यात आहे हे त्याला कळत होतं. शेवटी ६ मार्च १८६१ ला पोस्टमास्तर जनरल झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. बाकी खात्यांचे मंत्री बघा, युद्धखात्यात तर एकामागून एक माणसं आली आणि गेली. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्याच खुर्चीवर टिकलेले दोघेच, नौदलाचा मॅलरी आणि हा.

टपालाचं काम कसं चालवलं ते डाकघर सांगतील, त्यांचा तो प्रांत आहे. पकडला जाण्याचं आणि पत्राचं मी नंतर लिहिते.

—

डाकघर:

अनुजाताईंनी नाव घेतलं म्हणजे यावंच लागलं.

तिकीटवेडा भाऊ, रेगनचं काम समजायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कॉन्फेडरसीच्या घटनेतच लिहिलं होतं की १ मार्च १८६३ नंतर टपालखात्याने स्वतःच्या उत्पन्नातूनच खर्च भागवायचा, सरकारी तिजोरीतून पैसा मिळणार नाही. आता दक्षिण म्हणजे लांबलचक अंतरं, विरळ वस्ती, पत्रं कमी, युद्धाच्या आधीसुद्धा तिथलं टपाल कमाईपेक्षा बराच जास्त खर्च खायचं आणि तो तोटा वॉशिंग्टन भरायचं. म्हणजे शांततेच्या काळात जे कधी जमलं नव्हतं ते याने युद्धात करायचं.

पहिली गोष्ट त्याने काय केली, तर वॉशिंग्टनच्या टपालखात्यातल्या दक्षिणेकडच्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना निरोप पाठवला की या, आणि येताना खात्याचे अहवाल, नकाशे, छापील फॉर्म सगळं घेऊन या. बरेच जण आले, घेऊन आले! त्यामुळे अख्खं खातं काही आठवड्यांत कागदावर उभं राहिलं. दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. राज्यं फुटली तरी लगेच टपाल तोडायचं नाही. ३१ मे १८६१ पर्यंत दक्षिणेतली पोस्टं वॉशिंग्टनचंच टपाल वाटत होती, तिकिटं त्यांची, हिशोबही त्यांनाच. १ जूनपासून आपलं सुरू, आणि त्याआधी पोस्टमास्तरांना हुकूम की अमेरिकेची उरलेली तिकिटं परत करा आणि बाकी चुकती करा. देश फोडतोय पण पोस्टाचा हिशोब चोख, असा माणूस.

मग खर्च. रेल्वे कंपन्यांच्या अध्यक्षांना माँटगोमेरीला (कॉन्फेडरसीची आधीची राजधानी) बोलावून टपाल वाहण्याचे दर जवळजवळ निम्मे करून घेतले, वर तेही रोख नाही तर कॉन्फेडरसीच्या रोख्यांत घ्यायला तयार केलं. ज्या मार्गांवर पत्रं कमी ते बंद, फेऱ्या कमी, फुकट टपालाची सवलत बंद. टपालखर्च वाढवला, अर्ध्या औंसाला ५०० मैलांच्या आत ५ सेंट, पुढे १०, आणि १ जुलै १८६२ पासून सरसकट १० सेंट. अमेरिकेत तेव्हा ३ सेंटला पत्र जायचं, यावरून अंदाज घ्या. ठेकेदारांना सैन्यभरतीतून सूट होती म्हणून माणसं नाममात्र पैशावरसुद्धा टपालाचा ठेका घ्यायला तयार व्हायची, हेही खात्याच्या पथ्यावर पडलं. खातं खरंच फायद्यात आलं.

पण फायद्यात आलं म्हणजे चांगलं चाललं असं नाही हो. लोकांचा अनुभव वाईटच होता. पत्रं महिना महिना पोचत नव्हती, वर्तमानपत्रं रोज ओरडत होती. तिकिटंच नव्हती सुरुवातीला, १ जून ते १६ ऑक्टोबर १८६१ साडेचार महिने टपालखर्च रोख घ्यायचा आणि पाकिटावर 'पेड'चा शिक्का मारायचा, किंवा मग न्यू ऑर्लीन्स, मेम्फिस, नॅशव्हिल, मोबील अशा ठिकाणच्या पोस्टमास्तरांनी आपापली तिकिटं छापली, ज्यांतली काही आज आपल्या छंदातली फार दुर्मिळ चीज आहेत. नंतर लंडनच्या दे ला रू कडूनही ५ सेंटची तिकिटं छापून आणली, नाकेबंदी चुकवून. कागदाचा तर असा दुष्काळ की आलेलं पाकीट उलटं करून परत वापरायचे, भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाची पाकिटं करायचे. अशा पाकिटाचं चित्र तुमच्या पानावर जरूर लावा, तिकिटापेक्षा ते जास्त बोलतं.

आणि ४ जुलै १८६३ ला व्हिक्सबर्ग पडलं. आठवड्याभरात मिसिसिपी नदी पूर्ण लिंकनच्या सैन्याच्या ताब्यात, कॉन्फेडरसीचे दोन तुकडे. रेगनचं स्वतःचं घर नदीच्या पलीकडे टेक्सासात. तरी त्याने नदीपलीकडच्या टपालाचं वेगळं ऑफिस टेक्सासात मार्शलला काढलं आणि रात्रीच्या अंधारात नावेतून पत्रं पार करायची सोय केली, ४० सेंट दर. गंमत नाही ही, पकडलं तर माणूस गेला.

व्हिक्सबर्गवरून आठवलं. मे १८६३ ला कॉन्फेडरसीचा सेनापती ली उत्तरेत पेनसिल्व्हेनियावर चाल करून जायचं म्हणत होता, तेव्हा मंत्रिमंडळात एकट्या रेगनने विरोध केला की ते सैन्य व्हिक्सबर्ग वाचवायला पाठवा. टपालवाला मंत्री म्हणून कुणी ऐकलं नाही. मग पेनसिल्व्हेनियातली गेटिसबर्गची लढाई हरले आणि दुसऱ्याच दिवशी व्हिक्सबर्गही गेलं.

—

निखिल_द:

तिघांनाही मान देऊन सांगतो, मला हा धागा वाचताना अस्वस्थ व्हायला लागलंय. रेल्वेचे दर, पाकिटं, नावेतली पत्रं, सगळं रंजक आहे, पण हे खातं कशासाठी चाललं होतं हे एका ओळीतही आलं नाही अजून. टेक्सासने २ फेब्रुवारी १८६१ ला फुटण्याची कारणं सांगणारं जाहीरपत्रक काढलं. ते वाचा. त्यात करबिर, रेल्वे वगैरे आडपडदा नाही, सरळ लिहिलंय की काळे लोक कनिष्ठ आहेत, गुलामगिरी ही दोघांच्या भल्याची आहे आणि ती कायम राहिली पाहिजे, उत्तरेकडचे लोक सगळ्या माणसांना समान म्हणतात हाच त्यांचा गुन्हा. रेगन स्वतः गुलामांचा मालक होता. त्या पत्रांतून सैनिकांची ख्यालीखुशाली जात होती ते ठीक, पण ज्यांना गुलाम ठेवण्यासाठी हे युद्ध झालं त्या लाखो माणसांपैकी बहुतेकांना लिहा-वाचायलाच बंदी किंवा मज्जाव होता, त्यांना या टपालाचा उपयोग काय? ज्याची बायको विकून लांबच्या राज्यात नेली तो माणूस तिला १० सेंटचं तिकीट लावून पत्र पाठवू शकत होता का?

कार्यक्षम माणूस वाईट कामाला लागला की ते काम जास्त दिवस चालतं. मी रेगनला म्हणूनच माफ करू शकत नाही. तो गबाळा असता तर बरं झालं असतं.

—

तिकीटवेडा:

निखिल, तुमचं बरोबर आहे आणि मला ते बोचलं. मी 'तिकिटामागचा माणूस' म्हणत होतो आणि तिकीट कुणाला लावता येत होतं हे डोक्यातच आलं नव्हतं. पानावर हे येणार.

पण मग ते तुरुंगातलं पत्र काय आहे? ज्याने हे सगळं चालवलं तोच १८६५ ला म्हणतो की काळ्यांना हक्क द्या. मन बदललं का त्याचं? अनुजाताई, तुम्ही लिहिणार होतात.

—

अनुजा_वाचते:

निखिलशी मी सहमत आहे, ते मीच आधी लिहायला हवं होतं.

पकडण्यापासून सांगते. एप्रिल १८६५ च्या सुरुवातीला रिचमंड सोडावं लागलं, सरकार आगगाडीत, मग घोड्यांवर, दक्षिणेकडे पळतंय आणि वाटेत एकेक मंत्री गळतोय. उत्तर कॅरोलिनात कॉन्फेडरसीचा जनरल जॉन्स्टन आणि उत्तरेचा जनरल शर्मन यांची तहाची बोलणी चालली होती तिथे एक मसुदा रेगनने लिहून दिला, शर्मनने तो बाजूला ठेवून स्वतःचा लिहिला, आणि तोही वॉशिंग्टनने फेटाळला. खजिन्याच्या मंत्र्याने आजारपणामुळे राजीनामा दिला तर ते खातंही याच्याच गळ्यात, तेव्हा खजिना म्हणजे काय तर गाड्यांवर लादलेलं थोडं सोनं-चांदी. बेंजामिन, जो परराष्ट्रमंत्री होता, तो फ्लोरिडामार्गे निसटून इंग्लंडला पोचला आणि तिथे मोठा बॅरिस्टर झाला. रेगन निसटला नाही, डेव्हिसबरोबर राहिला आणि १० मे १८६५ च्या पहाटे जॉर्जियात अर्विनव्हिलजवळ पकडला गेला. डेव्हिस बायकांच्या कपड्यात पकडला अशी गोष्ट उत्तरेत पसरली होती, रेगन ती आयुष्यभर खोडत राहिला.

मग बोस्टनच्या बंदरातला फोर्ट वॉरन, एकांत कोठडी. साधारण पाच महिने. उत्तरेची वर्तमानपत्रं वाचायला मिळायची, आणि इथे त्याच्या लक्षात आलं की टेक्सासमधले त्याचे लोक अजून जुन्याच जगात आहेत. तारखा बघा. १९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरने गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, ११ ऑगस्टला रेगनने टेक्सासच्या लोकांना उघडं पत्र लिहिलं. मजकूर थोडक्यात असा की आपण हरलो, फुटायचा हक्क संपला, गुलामगिरी संपली, हे मनापासून मान्य करा. मुक्त झालेल्यांना कायद्याचं संरक्षण द्या, कोर्टात त्यांची साक्ष चालू द्या, आणि मतदानासाठी रंग न बघता शिक्षणाची, चारित्र्याची, हवं तर मालमत्तेची अट ठेवून त्यात बसणाऱ्यांना मत द्या. नाहीतर लष्करी राजवट येईल आणि सरसकट सगळ्या काळ्या पुरुषांना मताचा हक्क लादला जाईल.

आता हे शेवटचं वाक्य परत वाचा दादा. तो जे टाळा म्हणतोय ते काय आहे? सगळ्यांना मत मिळणं! म्हणजे हे पत्र हक्क देण्यासाठी कमी आणि जास्त हक्क द्यायला लागू नयेत म्हणून जास्त होतं. शिवाय अट अशी घालायची की आधीपासून मत असलेला एकही गोरा माणूस त्यातून गळू नये, हेही त्याने धरलं होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हे हृदयपरिवर्तन वाटलं होतं, दुसऱ्यांदा वाचल्यावर जाणवलं की हा तोच व्हिक्सबर्गवाला रेगन आहे. पुढे काय येणार ते त्याला इतरांच्या आधी दिसायचं, खरंच दिसायचं. फक्त बघताना नजर कायम आपल्या लोकांवर असायची, आपलं काय होईल एवढंच.

तरी एक मान्य करायला हवं. एवढं म्हणणंसुद्धा तिथे कुणाला सहन झालं नाही. सुटकेसाठी शेपूट हलवली म्हणाले, गद्दार म्हणाले. ऑक्टोबरमध्ये पॅरोलवर सुटून तो पॅलेस्टाइनला (टेक्सासमधलं गाव, हे त्याचं घर) परतला तर राजकारणात कुणी उभं करेना, शेती करत बसला. मग १८६७ ला काँग्रेसने खरोखर दक्षिणेवर लष्करी राजवट आणली आणि काळ्या पुरुषांना मत दिलं, टेक्सास ३० मार्च १८७० ला परत अमेरिकेत आलं, आणि तेच लोक म्हणायला लागले की म्हाताऱ्याचं ऐकायला हवं होतं! त्याला 'ओल्ड रोमन' म्हणायला लागले, म्हणजे जुन्या रोमन पुढाऱ्यांसारखा, लोकांना न आवडणारं खरं बोलणारा. त्या एका पत्राने तो बुडाला आणि त्याच पत्राने वर आला.

—

जुना_सभासद:

वॉशिंग्टनला परत कसा गेला हा मूळ प्रश्न राहिलाच, तो मी घेतो.

घटनेच्या १४ व्या दुरुस्तीत तिसरं कलम आहे, ज्याने एकदा अमेरिकेच्या घटनेची शपथ घेतली आणि मग बंडात गेला त्याला पद मिळणार नाही. रेगन त्यात नेमका बसतो. १८७२ ला माफीचा कायदा झाला त्यात बहुतेकांची बंदी उठली, पण ३६ व्या आणि ३७ व्या काँग्रेसचे (म्हणजे १८५९ ते १८६३ या काळातले) सदस्य वगळले होते आणि रेगन ३६ व्या काँग्रेसमधला. अशा लोकांसाठी काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी वेगळी सूट द्यायची, आणि १८७० च्या दशकात ती भराभर दिली गेली, उत्तरेला एव्हाना या विषयाचा कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याची किंमत दक्षिणेतल्या काळ्या लोकांनी पुढची नव्वद वर्षं मोजली. रेगन १८७५ ते १८८७ हाउसमध्ये (काँग्रेसचं खालचं सभागृह), मग सिनेटमध्ये (वरचं).

तिथे त्याने जे धरलं ते दहा वर्षं सोडलं नाही: रेल्वे कंपन्या मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप सूट देतात, लहान शेतकऱ्याकडून जवळच्या अंतराला लांबच्यापेक्षा जास्त भाडं घेतात, हे कायद्याने थांबवा. याचं मूळ मला त्या माँटगोमेरीच्या बैठकीतच दिसतं, रेल्वेवाल्यांशी समोरासमोर बसून भाव केलेला माणूस होता तो. हाउसमध्ये त्याचं बिल, सिनेटमध्ये कलम (Cullom) नावाच्या सिनेटरचं, दोन्हीची तडजोड होऊन १८८७ चा आंतरराज्य व्यापार कायदा झाला. त्यातूनच अमेरिकेत केंद्र सरकारने एका खाजगी उद्योगावर नेमलेला पहिला नियामक आयोग आला. राज्यांच्या हक्कांसाठी देश सोडलेल्या माणसाने केंद्राच्या हातात हे दिलं. (त्याला स्वतःला आयोग नको होता, कायद्यात स्पष्ट मनाई आणि कोर्ट एवढंच हवं होतं, पण शेवटी मान्य केलं.)

आता निखिलसाठी एक प्रसंग. डिसेंबर १८८४, रेगनचं बिल हाउसमध्ये चर्चेला. उत्तर कॅरोलिनाचे जेम्स ओहारा, काळे खासदार, त्यांनी दुरुस्ती सुचवली की रेल्वेत ज्याने ज्या दर्जाचं तिकीट काढलं त्याला त्या डब्यातली वागणूक मिळाली पाहिजे, भेदभाव नको. साधी गोष्ट. मालाच्या पोत्यांमध्ये भेदभाव नको म्हणून जो माणूस दहा वर्षं भांडत होता त्याने माणसांच्या बाबतीत त्या दुरुस्तीला विरोध केला. दुरुस्ती आधी मंजूर झाली, आणि मग दक्षिणेच्या सदस्यांनी तिला जोड देऊन वेगळे डबे चालतील अशी पळवाट करून घेतली.

आणि ती मतदानाला शिक्षणाची अट? १८९० ला मिसिसिपीने घटनेत वाचता येण्याची अट घातली, पाठोपाठ बाकीच्यांनी, टेक्सासने १९०२ ला मतदानावर कर बसवला. काळ्यांना मतदानातून बाहेर काढायला तेच हत्यार कामी आलं.

१८९१ ला त्याने सिनेट सोडली, सिनेट! कारण गव्हर्नर हॉगने टेक्सासमध्ये नवीन रेल्वे आयोग काढला आणि त्याचं अध्यक्ष व्हा म्हणाला. रेल्वेवाल्यांनी कोर्टात खेचलं, १८९४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल रेगनच्याच नावाने ओळखला जातो. १९०३ पर्यंत तिथे होता. हाच आयोग पुढे टेक्सासच्या तेलाचं उत्पादन ठरवायला लागला आणि ओपेक उभारणाऱ्यांनी त्याचा नमुना डोळ्यासमोर ठेवला होता. ६ मार्च १९०५ ला न्यूमोनियाने गेला. तारीख बघितलीत का, ६ मार्चलाच तो पोस्टमास्तर जनरल झाला होता. कॉन्फेडरसीच्या मंत्र्यांपैकी शेवटचा जिवंत राहिलेला हाच.

पुतळ्याचं: ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात होता, ऑगस्ट २०१७ मध्ये ली, आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन (शर्मनशी बोलणी करणारा नव्हे, दुसरा जनरल) आणि हॉग यांच्या पुतळ्यांबरोबर काढला. ह्यूस्टन आणि ऑस्टिनमधल्या त्याच्या नावाच्या शाळांचीही नावं बदलली. टेक्सासमध्ये रेगन काउंटी अजून आहे.

—

निखिल_द:

ओहारांचा प्रसंग मला माहीत नव्हता. धन्यवाद दादा. तिकीटवेडा, जमलं तर त्यांचं नाव पानावर घ्या. रेगनच्या नावाचे पुतळे तरी झाले, ओहारा किती जणांना माहीत आहेत.

—

तिकीटवेडा:

घेतो, नक्की घेतो. चार ओळींची दोन पानं झाली आता. पहिल्या पानावर ५ सेंटचं हिरवं तिकीट, १ जूनचा हिशोब चुकता करायचा हुकूम, भिंतीच्या कागदाचं पाकीट, आणि खाली निखिलचा प्रश्न जसाच्या तसा, की हे तिकीट कुणाला लावता येत होतं. दुसऱ्या पानावर ११ ऑगस्टचं पत्र आणि त्याच्या शेजारी डिसेंबर १८८४ आणि ओहारा. डाकघर, एक विचारायचं राहिलं, रेगनचा स्वतःचा चेहरा त्याने काढलेल्या एखाद्या तिकिटावर आहे का? मला सापडला नाही.

—

डाकघर:

नाही. डेव्हिस आहे, जॅक्सन, जेफर्सन, वॉशिंग्टन आहेत, कॅल्हूनचं १ सेंटचं लंडनहून छापून आलं पण वापरातच आलं नाही. रेगन कुठेच नाही. आणि तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नुसतं ऑक्टोबर आहे, पानावर पूर्ण तारीख घाला, १६ ऑक्टोबर १८६१.